‘येतो’ म्हणून निघणारा बुरूड

पूर्वी केतकपूर नगरात पुष्करसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्मले होते. बांबू तोडून आणायचे, चिरायचे, कामट्या सोलायच्या आणि सुपं-टोपल्या विणायच्या, हेच त्यांचं काम. राजा नाही, प्रधान नाही, मोठा व्यापारीही नाही. बोधिसत्त्व दरवेळी रेशमी गादीवरच जन्म घेतात अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही कथा जरूर ऐकावी. पण शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ती कोणत्या निमित्ताने सांगितली ते आधी सांगतो. ते ठाऊक नसेल तर शेवट हातातून निसटेल.

विहारात वारण नावाचा एक नवा भिक्षू आला होता. प्रव्रज्या घेण्याआधी तो एका श्रीमंताच्या घरी गडी होता, आणि त्या घरात त्याने मार सोडून फारसं काही खाल्लं नव्हतं. अंगावर चीवर आलं, डोकं तुळतुळीत झालं, तरी आतली भीती काही उतरली नाही. कुणी “वारण, इकडे ये” म्हटलं की तो खांबाआड व्हायचा. विहाराची व्यवस्था पाहणारे स्थविर सुबल मनाने वाईट नव्हते, पण त्यांना उशीर खपत नसे. ते हाक मारत, वारण येत नसे. मग ते आणखी मोठ्याने हाक मारत आणि वारण आणखी लांब जाई. आणि कधी चुकून आलाच, तर इतका वेळ कुठे होतास म्हणून त्याला चार शब्द ऐकावे लागत.

शेवटी सुबल वैतागले. ते शास्त्यांकडे गेले आणि म्हणाले की या माणसाच्या एक तर कानात दोष आहे नाही तर मनात, त्याला आला तिकडे परत पाठवावं. वारण दाराआड उभा राहून ऐकत होता. परत म्हणजे कुठे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. शास्ते म्हणाले, “सुबल, तुम्ही दोघं आज पहिल्यांदा भेटत नाही आहात.” आणि त्यांनी ही मागच्या जन्मीची कथा सांगितली.

त्या जन्मी बोधिसत्त्वांचं नाव वेणुक होतं. केतकपूरच्या पश्चिम वेशीबाहेर, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर सात-आठ घरांची बुरूडआळी होती. तिथे ते आणि त्यांची बायको कुमुदा असे दोघं राहत. कुमुदा हाताने चलाख होती आणि जिभेने त्याहून. बोधिसत्त्व दिवसभरात जेवढं बोलत तेवढं ती चूल पेटवताना बोलून मोकळी होई. दोघांचं छान जमायचं.

त्यांच्या मागच्या अंगणात एक फुटकी कणगी आडवी पडलेली होती. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी कोठी. माणूस आत बसेल एवढी. श्रावण सरता सरता एके सकाळी कुमुदा ती सरपणासाठी मोडायला गेली, तर आतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. कुत्री होती. थोराड हाडाची, तांबूस रंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि डाव्या कानाला त्रिकोणी खाच. कुमुदाचं काळीज हललं. तिने घरातून दूधभात आणला, कणगीच्या तोंडाशी ठेवला आणि जितका गोड काढता येईल तितका आवाज काढून म्हणाली, “ये गं, ये बाई.”

कुत्रीने अंग चोरलं. ती कणगीच्या तळाशी इतकी घुसली की बांबू करकरला, तिथेच तिला लघवी झाली, आणि मग कुमुदाच्या डोक्यावरून उडी मारून ती जी पळाली ती नदीकाठच्या लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. दुपारी परत येऊन पुन्हा कणगीत बसली. कुमुदाने पुन्हा दूधभात ठेवला, पुन्हा “ये, ये” केलं, आणि पुन्हा तेच. तीन दिवस असं चाललं. कुत्री हाडकुळी ती हाडकुळीच राहिली आणि कुमुदा रडकुंडीला आली.

आळीत रेवाआजी नावाची एक म्हातारी होती. जिच्या तोंडी शिवी नाही असा दिवस तिच्या आयुष्यात उगवला नव्हता. चौथ्या दिवशी ती कुत्री नेमकी तिच्या वाटेत आडवी पडली होती. “हाड, मेले, हो बाजूला,” म्हातारी खेकसली. कुत्री शांतपणे उठली, बाजूला झाली, आणि सगळ्या आळीने पाहिलं की जाता जाता तिचं शेपूट दोनदा हललं. कुमुदाला ते फार लागलं. ती नवऱ्याला म्हणाली की मी लाड करते तर ही माझ्यापासून पळते आणि ती म्हातारी मेली म्हणते तर शेपूट हलवते, माझं तोंड काय एवढं वाईट आहे?

बोधिसत्त्वांनी हसण्यावारी नेलं नाही. बांबू चिरताना सुरी सरळ चालता चालता मध्येच अडली, की तिथे पेराची गाठ आहे हे बुरुडाला कळतं. अडलेल्या ठिकाणी तो जोर लावत नाही, आधी बोटाने चाचपून बघतो. इथे काहीतरी पेर आहे, एवढं त्यांना समजलं. कुठे ते समजेना. त्यांनी कुमुदाला दूधभात ठेवायला सांगितलं पण हाक मारू दिली नाही. स्वतः कणगीकडे पाठ करून ते विणत बसू लागले. भाकरीचा तुकडा मागच्या मागे टाकायचे आणि वळून बघायचे नाहीत. मागे चावण्याचा आवाज आला की त्यांना बरं वाटे. कुमुदा त्या कुत्रीला पाहुणी म्हणू लागली, कारण खाऊनपिऊन घरात पाय न ठेवणारं दुसरं कोण असतं?

आठ-दहा दिवस असे बरे गेले. मग राजाच्या श्वानशाळेचा मुख्य तुंगक भाकऱ्यांसाठी टोपल्या सांगायला आळीत आला, आणि बोलता बोलता त्याची नजर मागच्या अंगणात गेली. “ही तर आमची चंडी,” तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकताच पाहुणी कणगीच्या तळाशी गेली आणि कणगी थरथरू लागली.

तुंगकाने सगळं सांगितलं. कानाची खाच ही राजाच्या कुत्र्यांची खूण. दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला वेशीपुढच्या मैदानात त्यांची पारख होते. एकेक कुत्रं मोकळं सोडायचं आणि ‘ये’ म्हणून बोलवायचं. जे येतं ते राखणीला लायक. जे येत नाही त्याला मारून टाकायचं, म्हणजे भित्री पैदास पुढे वाढत नाही. चंडी गेल्या वर्षी आली नव्हती; पहिली चूक म्हणून सोडली. त्यानंतर ती पळाली. आता पौर्णिमेची तरी वाट कशाला बघायची, असं म्हणत तुंगकाने दोरी काढली. बोधिसत्त्व उठले आणि कणगीच्या तोंडापुढे उभे राहिले. त्यांनी हात जोडले, पण जागा सोडली नाही. एक दिवस थांबा, मी महाराजांना विचारून येतो, एवढंच ते म्हणाले.

राजा पुष्करसेन कडक होता पण ऐकून घेणारा होता. एका बुरुडाने एका भित्र्या कुत्रीसाठी दरबारात यावं याचंच त्याला नवल वाटलं. त्याने विचार केला आणि निवाडा दिला. “पौर्णिमेपर्यंत ती तुझ्याकडे राहील. त्या दिवशी सगळ्यांसमोर ती तुझ्या हाकेला आली, तर ती तुझी. नाही आली, तर तुंगक आपलं काम करील.” बोधिसत्त्वांनी मान्य केलं. त्या दिवशी तिला घेऊन येतो, महाराज, असं म्हणून त्यांनी नमस्कार केला. पौर्णिमेला दोन महिने होते.

परतताना वाट श्वानशाळेच्या अंगणातून होती. तुंगकाने त्यांना थांबवून आपली शिकवण मोठ्या अभिमानाने दाखवली. त्याच्यात लबाडी नव्हती, तो जे करत होता ते बरोबर आहे असंच त्याला वाटत होतं. त्याने एका कुत्र्याला “ये” म्हटलं. ते जरा रेंगाळत आलं. तुंगकाने त्याला काठी मारली, का, तर उशीर केला म्हणून. दुसरं हाक मारण्याआधीच आलं. त्यालाही एक बसली, आज्ञेशिवाय आलं म्हणून. तिसरं दूर भिंतीशी बसून राहिलं. बोधिसत्त्वांनी विचारलं, त्याला काय करणार? तुंगक म्हणाला, “आत्ता काही करता येत नाही, लांब आहे ना. येऊ दे, मग बघतो त्याच्याकडे.”

बोधिसत्त्व घराकडे निघाले. पेर सापडलं होतं. काठी पोचते ती फक्त जवळ येणाऱ्याला. जो पळाला तो वाचला, आणि जो विश्वास ठेवून आला त्याच्या पाठीवर वळ उठले. त्या बिचाऱ्या जिवाने श्वानशाळेत एकच गोष्ट पक्की शिकली होती, की ‘ये’ म्हणजे आता मार बसणार. ‘हाड’ म्हटलं की मात्र सुटका. कुमुदा गोड आवाजात जे बोलत होती, ते पाहुणीच्या कानाला तुंगकाच्या काठीसारखं लागत होतं.

त्याच दिवशी बोधिसत्त्वांनी घरात नियम केला की या अंगणात ‘ये’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. कुमुदाची जीभ दिवसातून वीस वेळा चावली जाऊ लागली. सणाला तिचा भाऊ सोमक आला आणि दारात उभा राहिला. ती ओठ दाबून नुसती बघत राहिली. शेवटी म्हणाली, “आत… पाय धुवा… बसा.” सख्ख्या बहिणीने साधं ‘या’ म्हटलं नाही म्हणून सोमकाचं तोंड एवढंसं झालं. ताटावर बसेपर्यंत तो रुसलेलाच होता. सगळं सांगितल्यावर मात्र तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या हसण्याने पाहुणी पळाली नाही, हे बोधिसत्त्वांनी पाहून ठेवलं.

आणि एके सकाळी कुमुदाने त्यांनाच पकडलं. ते कंबरेला कोयता लावून, खांद्यावर दोरी टाकून बांबू तोडायला निघाले होते. “नियम आम्हाला,” ती म्हणाली, “आणि तुम्ही रोज दारातून काय म्हणता?” ते काय म्हणत होते? आपण सगळे म्हणतो तेच, “येतो.” घरातून निघणारं माणूस आपल्याकडे जातो म्हणत नाही. इतक्या वर्षांची सवय. त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दारात थबकले आणि विचार करून म्हणाले, “जातो.” कुमुदाच्या हातातलं सूप खाली पडलं. तिने येऊन त्यांचा दंड धरला. “असं बोलतात का निघताना?” तिचे वडील एकदा रागाच्या भरात ‘जातो’ म्हणून घराबाहेर पडले होते आणि त्याच दिवशी पुरात सापडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोधिसत्त्वांना वाईट वाटलं. कुत्रीची भीती घालवताना बायकोच्या मनात भीती घालायची, हे काही खरं नाही. “चुकलं माझं. येतो,” ते म्हणाले. “लवकर या,” ती म्हणाली, नेहमीसारखी.

कणगीत पाहुणीचं अंग शहारलं. तो शब्द आला होता. पण तो म्हणणाऱ्या माणसाने तिच्याकडे पाठ केली आणि तो चालू लागला. शब्दामागून काठी आली नाही, हात आला नाही. अंगणात ऊन पसरलं, कुमुदा पडलेलं सूप उचलून पाखडायला बसली, आणि दुसरं काहीच झालं नाही. ‘ये’ म्हणून मारणारे जगात पुष्कळ आहेत हो, पण ‘येतो’ म्हणून कुणी मारत नाही, कारण तो निघालेला असतो.

त्या दिवसापासून बोधिसत्त्वांनी नियमातून तेवढे निरोपाचे शब्द वगळले आणि स्वतःला दुसरा नियम घालून घेतला. ‘येतो’ म्हटलं की दिवा लागायच्या आत, त्याच वाटेने, यायचंच. बाजारात कुणी गप्पांना धरलं तरी थांबायचं नाही. संध्याकाळी खांद्यावर बांबूची मोळी घेऊन ते आळीच्या तोंडाशी दिसत आणि कणगीतून दोन डोळे त्यांना बघत. मग पाठ करून बसणं, भाकरीचा तुकडा, चावण्याचा आवाज. पाहुणीचं शहारणं कमी होत गेलं. पुढे ‘येतो’ म्हटल्यावर ती नुसता कान उभा करू लागली. एकदा कोयता दगडावर पडून खणकन वाजला तेव्हा तीन दिवस ती बाहेर आली नाही, आणि पंधरा दिवसांचं सगळं पाण्यात गेलं असं कुमुदाला वाटलं. बोधिसत्त्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आश्विनात एकदा बांबूची टोकदार फास त्यांच्या पायात खोल शिरली. पाय भोपळ्यासारखा सुजला. नदीकाठी भेटलेला एक नावाडी म्हणाला की आज माझ्या झोपडीत पडा, घरी निरोप धाडतो. बोधिसत्त्व म्हणाले, “निरोप माझ्या बायकोला कळेल. जी दुसरी वाट बघतेय तिला नाही कळायचा. मी येतो म्हणून निघालोय.” आणि ते काठी टेकत, दहा पावलांवर बसत, पुन्हा उठत निघाले. आळी दिसली तेव्हा दिव्यांची वेळ अगदी टेकली होती. आळीच्या तोंडाशी, चिंचेखाली, पाहुणी उभी होती. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच अंगणाबाहेर कुणाला बघायला आली होती. ते जवळ आले तशी ती मागे सरली, पण पळाली नाही. त्यांच्या पुढे चार हात राहून, मागे वळून बघत बघत ती घरापर्यंत चालली. कुमुदाने तो पाय शेकताना त्यांना भरपूर बोलून घेतलं. ते ऐकत होते आणि हसत होते.

इतकं सगळं झालं तरी पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा पाहुणीने कुणाच्या हाताला नाक लावलं नव्हतं, आणि हाक मारली तर ती येईल असा एकही शब्द या घरात नव्हता. कुमुदाला झोप लागेना. तिने सुचवलं की तिला नदीपार सोमकाकडे पाठवून द्यावी, राजाला सांगावं पळाली. कुत्रीच ती, पळतातच कुत्री. बोधिसत्त्वांनी हातातली कामटी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मी महाराजांनाही येतो म्हणून सांगितलंय. ज्या शब्दाच्या आधाराने ही दोन घास खायला लागली, तोच मी खोटा करू? आणि कानाची खाच घेऊन ती किती दिवस लपणार?” मग काय करणार, असं तिने विचारलं. त्यांनी खरं उत्तर दिलं, की माहीत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी आळीतल्या आठ जणांनी कणगीखाली दोन बांबू घातले आणि कणगी पाहुणीसकट उचलली. रेवाआजी शिव्या देत पुढे चालली, त्यामुळे पाहुणीला जरा धीर आला. मैदानात सगळं नगर लोटलं होतं. श्वानशाळेची कुत्री एकेक करून सोडली जात होती, आणि हाकेसरशी पोटावर सरपटत, मान जमिनीला घासत तुंगकाच्या पायाशी येत होती. लोक वाहवा करत होते. कणगी मधोमध ठेवली गेली.

रीतीप्रमाणे आधी तुंगकाने हाक मारली. “चंडी, ये.” कणगी थरथरू लागली, एवढी की लांब बसलेल्यांनाही ते दिसलं. काही लोक हसले. तुंगक हसला नाही. त्याने काठी खाली ठेवून सुरा हातात घेतला, आणि आधी सांगितलंच होतं, असं म्हणून राजाकडे पाहिलं. राजाने बोधिसत्त्वांना खूण केली की आता तू बोलाव.

बोधिसत्त्व उभे होते. कोणता शब्द वापरायचा? ‘ये’ म्हटलं तर ती मेली. गप्प राहिलं तरी मेली. त्यांचा हात कंबरेला गेला. तिथे कोयता होता, खांद्यावर दोरी होती. सवयीने रोजच्यासारखं घेऊनच ते निघाले होते. त्यांनी कणगीकडे पाठ केली. गर्दीच्या कडेला कुमुदा उभी होती, तिच्याकडे बघून रोजच्याच आवाजात ते म्हणाले, “येतो.”

कुमुदाला त्यातली खूण कळली. “लवकर या,” ती म्हणाली.

आणि बोधिसत्त्व नदीच्या वाटेने चालू लागले. दहा पावलं झाली, वीस झाली. तुंगक म्हणाला की हा माणूस पळून चाललाय, पण राजाने हात वर करून त्याला थांबवलं. कणगीतून आधी नाक बाहेर आलं. मग खाच असलेला कान. पाहुणीने गर्दी पाहिली, तुंगक पाहिला, आणि लांब जाणारी ती पाठ पाहिली. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही, गेली नव्हती. ती थरथरतच बाहेर आली, थरथरतच तुंगकाच्या अंगावरून गेली आणि मग धावली. बोधिसत्त्वांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा उजवा हात नुसता खाली लोंबत होता. त्या तळव्यात काहीतरी ओलं, गार टेकलं, आणि तिथेच राहिलं. ते थांबले आणि उभ्या उभ्या रडू लागले.

तुंगकाने हरकत घेतली. नियम ‘ये’ म्हणून बोलवायचा आहे, हा तर येतो म्हणाला, म्हणून ही हाक धरता येत नाही. राजा म्हणाला, “तुंगका, शब्द तोच आहे. तू तिला यायला सांगत होतास. याने स्वतः यायचं कबूल केलं, आणि रोज पाळलं. ती आली आहे. ती त्याची.”

लोकांनी गलका केला नाही, पाहुणी घाबरेल म्हणून. केतकपूरची गर्दी त्या दिवशी प्रथमच कुणाची तरी एवढी काळजी घेत होती. गर्दी पांगल्यावर तुंगक बोधिसत्त्वांजवळ आला, पण पाहुणीपासून लांब उभा राहिला. त्याने विचारलं की जे कुत्रं उशिरा येतं त्याला काय करायचं? बोधिसत्त्व म्हणाले, “आलं ना? मग भाकरी द्यायची. उशीर त्याने केला नाही, त्याच्या भीतीने केला.” माझा बापही मला असाच, मारण्यासाठी बोलवायचा, एवढं म्हणून तुंगक निघून गेला.

पुढे राजाने श्वानशाळेत नियम केला की जवळ आलेल्या कुत्र्यावर काठी उगारायची नाही, आणि पारखेतलं मारणं बंद झालं. पुढच्या कार्तिकात बरीचशी कुत्री शेपूट वर करून आली. दोन जुनी मात्र शेवटपर्यंत सरपटतच आली. तुंगक स्वतः खाली बसून त्यांना भाकरी भरवी. पाहुणी बोधिसत्त्वांबरोबर रोज बांबूच्या बेटात जाई. कणगी तिने सोडली नाही, आणि कुमुदाने ती मोडली नाही.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. “त्या वेळची पाहुणी म्हणजे आजचा वारण. तुंगक म्हणजे तुम्ही, सुबल. पुष्करसेन राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा उपासक, कुमुदा म्हणजे नदीपलीकडच्या विहारातली वृद्ध भिक्षुणी, जी अजूनही पुष्कळ बोलते. आणि वेणुक बुरूड मी होतो.”

सुबलांची मान खाली गेली. वारण अजून दाराआडच होता. शास्त्यांनी त्याला हाक मारली नाही. भिक्षेची वेळ झाली होती. त्यांनी पात्र उचललं, दाराकडे पाठ केली, आणि कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, “येतो.” मग ते पायऱ्या उतरून वाटेला लागले. थोड्या वेळाने त्यांच्या मागे दुसऱ्या पावलांचा आवाज आला. पात्र छातीशी घट्ट धरून वारण निघाला होता, चार हात अंतर ठेवून. सुबलांचं तोंड उशिराबद्दल बोलायला उघडलं आणि तसंच मिटलं.

बोधिसत्त्वांनी त्या जन्मी क्षांती पारमिता, म्हणजे क्षांतीच्या गुणाची पूर्णता, साधली, असं जाणते सांगतात. क्षांती म्हणजे गप्प बसून सोसणं, असं आपण धरून चालतो. पण त्या बुरुडाची क्षांती याहून साधी आणि याहून कष्टाची होती. तो येतो म्हणाला, आणि रोज संध्याकाळी आला.